वरून निळा, खालून तांबडा

आपल्या हॉस्टेलच्या सायकल स्टँडवरच्या पत्र्याला कधी हात लावून पाहिलाय? नसेल तर आज मेसला जाता जाता पाहा. दक्षिणेकडच्या उतारावर बोट घासलं की बोटाला निळसर पांढरी पावडर लागते, शाळेत फळा पुसताना लागायची तशी. उत्तरेकडच्या उतारावर घासलं तर जवळपास काहीच लागत नाही. पत्रा एकाच दिवशी, एकाच ट्रकमधून आलेला. मग हा फरक कशामुळे? तीन वर्षं मी त्या स्टँडखाली सायकल लावली, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. पडला तो घरच्या गोठ्यामुळे, आणि तोसुद्धा अण्णांनी विचारला म्हणून.

आमचं गाव राहाता तालुक्यात. घरी दहा-बारा एचएफ गायी, दूध डेअरीला जातं आणि माझी फी त्यातूनच येते. २०१७ साली अण्णांनी कर्ज काढून नवा गोठा बांधला आणि वर निळा कलर पत्रा टाकला. दुकानदार म्हणाला होता, "दहा वर्षं वर बघायचं काम नाही." गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा अण्णांनी मला गोठ्यात नेलं आणि वर बघ म्हणाले. भरदुपारी गोठ्यात चांदण्या! आढ्याजवळ सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून ऊन आत येत होतं. खालची बाजू सगळी तांबडी, बोट लावलं की पापुद्रे हातात यायचे. मी शिडी लावून वर चढलो. वरून पत्रा थोडा फिका पडलेला, बाकी ठणठणीत.

अण्णा म्हणाले, "पाऊस वरून पडतो, ऊन वरून पडतं. मग हा खालून कसा काय सडला? तू इंजिनिअरिंग शिकतो ना, सांग बरं."

व्हायवात आपण जे म्हणतो तेच मी म्हणालो. बघून सांगतो.

येताना गोठा बांधतानाचा एक उरलेला तुकडा पिशवीत घालून आणला. तो इतकी वर्षं माळ्यावर कोरडा पडून होता, म्हणजे अगदी नव्यासारखा. मेटलर्जी लॅबच्या सरांना दाखवला. सर म्हणाले, "आधी हा कशाचा बनलाय ते सांग." मी म्हणालो, "लोखंडाचा, वर निळा रंग." सर हसले. त्यानंतर जे कळलं ते या लेखात लिहितो आहे.

कलर पत्रा म्हणजे एखाद्या सँडविचसारखा प्रकार आहे. मधे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं पोलाद. त्याच्या दोन्ही बाजूंना जस्ताचा, किंवा अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूचा थर. त्यावर रसायनाची एक अतिशय पातळ प्रक्रिया, मग सुमारे ५ मायक्रॉनचा प्रायमर, आणि वरच्या बाजूला १५ ते २० मायक्रॉनचा रंग. खालच्या बाजूला मात्र बहुतेक वेळा ५ ते ७ मायक्रॉनचा एकच हात, बहुधा राखाडी किंवा पांढरट. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा.

हा रंग पत्रा बनल्यावर मारत नाहीत. पोलादाची पट्टी मोठ्या रिळातून सुटते, धुतली जाते, रबरी रोलरखालून रंग घेते, भट्टीतून अर्ध्या-पाऊण मिनिटात बाहेर पडते आणि पुन्हा रिळात गुंडाळली जाते. भट्टीत पट्टीचं तापमान सव्वादोनशे अंशांच्या आसपास जातं. ही युक्ती १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाली आणि ती कशासाठी, तर खिडक्यांच्या पट्टीदार पडद्यांसाठी! आज आपल्या महाराष्ट्रातही तारापूर, वाशिंद, नागपूरजवळचं कळमेश्वर इथे अशी पट्टी रंगते. गावाजवळच्या शेडमध्ये फक्त तिला पन्हळ पाडून लांबीप्रमाणे तोडतात. म्हणजे रंग आधी आणि वाकवणं नंतर. म्हणून हा रंग नुसता टिकाऊ असून चालत नाही, वाकल्यावर त्याला तडा जायला नको. आपल्या घरातला ऑइल पेंट असा वाकवून पाहा, लगेच कळेल.

आता सायकल स्टँडकडे वळू. ऊन रंगाला कसं मारतं हे समजायला बारावीची केमिस्ट्री पुरते. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांची तरंगलांबी साधारण ३०० नॅनोमीटरपासून सुरू होते. त्या प्रकाशाची ऊर्जा मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल येते. आणि रंगातल्या रेझिनचा जो कणा, तो कार्बन-कार्बन बंध, तो ३५० किलोज्यूलच्या आतबाहेर तुटतो. म्हणजे सूर्याच्या हातात हातोडा आहेच. शिवाय पांढऱ्या रंगद्रव्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड ऊन खाऊन आजूबाजूच्या रेझिनला आणखी कुरतडतं, म्हणून चांगल्या रंगात त्याच्या कणांवर वेगळं आवरण चढवलेलं असतं. रेझिन झिजलं की रंगाचे कण उघडे पडतात, आणि तीच बोटाला लागणारी पावडर. नगरचा अक्षांश १९ अंश. मे ते जुलैमधले साधारण दोन महिने सोडले तर दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेलाच असतो, म्हणून दक्षिणेचा उतार जास्त झिजला. याच उन्हाच्या भरवशावर शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ साली ७३ सौर डिश बसवून वाफेवर स्वयंपाक सुरू केला होता. त्या उन्हात साधा पॉलिस्टर रंग फिका पडला तर नवल नाही.

यावर उपाय म्हणून सिलिकॉन मिसळलेलं पॉलिस्टर येतं, जास्त टिकाऊ पॉलिस्टर येतं, आणि सगळ्यात महाग पीव्हीडीएफ. त्यात कार्बनला फ्लोरिन जोडलेला असतो. तो बंध तोडायला ४८५ किलोज्यूलच्या आसपास लागतात, तेवढी ऊर्जा जमिनीवर येणाऱ्या उन्हाजवळ नाही. म्हणून विमानतळ आणि मोठमोठ्या इमारती वर्षानुवर्षं रंग धरून राहतात.

पण थांबा. अण्णांचा पत्रा उन्हानं गेलाच नव्हता. पावडर सुटलेला, फिका पडलेला वरचा भाग शाबूत होता. रंग जाणं आणि पत्रा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात आपण फक्त पहिलीबद्दल बोलतो. पत्र्याला वाचवतो तो मुख्यतः रंगाखालचा जस्त.

जस्ताची ही गंमत जुनी आहे. पन्हळी लोखंडी पत्र्याचं पेटंट १८२९ साली इंग्लंडमध्ये हेन्री पामरनं घेतलं, आणि १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेलनं लोखंडावर जस्त चढवण्याचं पेटंट घेतलं. जस्त नुसतं झाकत नाही, लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या तक्त्यात जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४. म्हणून ओरखडा पडला, कडा कापली, स्क्रूचं भोक पडलं, तरी आजूबाजूचं जस्त ती उघडी जागा काही काळ सांभाळतं. रंगाला हे जमत नाही. रंग फाटला की फाटला. रंगाचं काम जस्ताचा खर्च लांबवणं, आणि जस्ताचं काम लोखंडाचा. गाव-वाड्यात अजून दिसणारे आजोबांच्या वेळचे पन्हळी पत्रे बिनरंगाचे असूनही टिकले, त्यात जाड जस्ताचा मोठा वाटा आहे. अर्थात ते घरावर होते, गोठ्यावर नव्हते, त्यामुळे ही तुलना पूर्ण न्यायाची नाही.

तर आमच्या तुकड्यावर जस्त किती होतं? लॅबमध्ये दोन गोष्टी केल्या. आधी एल्कोमीटर लावला. तो चुंबकाच्या तत्त्वावर चालतो, त्यामुळे पोलादाच्या वर जे काही आहे त्याची एकूण जाडी दाखवतो, रंग कुठला आणि जस्त कुठला हे त्याला कळत नाही. वरच्या बाजूला २७ मायक्रॉन, खालच्या बाजूला फक्त ११. मग १०० बाय १०० मिलिमीटरचा चौकोन कापला, पेंट रिमूव्हरनं दोन्ही बाजूंचा रंग काढला, वजन केलं, आणि इनहिबिटर घातलेल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवला. जस्त आहे तोवर बुडबुडे जोरात येतात, जस्त संपलं की एकदम मंदावतात. धुऊन, वाळवून पुन्हा वजन. ०.८२ ग्रॅमची घट. चौकोन चौरस मीटरचा शंभरावा भाग, म्हणजे चौरस मीटरला ८२ ग्रॅम, आणि तेही दोन्ही बाजू मिळून. एका बाजूला ४१ ग्रॅम. जस्ताची घनता ७.१४, म्हणून भागाकार केला की ५.७ मायक्रॉन. वरच्या बाजूला रंग साधारण २१ मायक्रॉन, खालच्या बाजूला जेमतेम ५.

बाजारात १२० ग्रॅमचा पत्रा मिळतो, २७५ ग्रॅमचाही मिळतो. २७५ म्हणजे बाजूला १९ मायक्रॉनच्या वर. दोन्ही बाहेरून निळेच दिसतात. अण्णांनी रंग पाहिला, जाडी विचारली, भाव केला. जस्त किती, हे विचारायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जाडीतही एक मेख आहे. दुकानात सांगतात ती बऱ्याचदा रंग आणि जस्तासकट एकूण जाडी असते. अर्धा मिलिमीटर म्हणून घेतलेल्या पत्र्यात पोलाद त्याहून थोडं कमी असतं.

आता खरा प्रश्न. ५.७ मायक्रॉन जस्त किती दिवस पुरावं? आयएसओ ९२२३ नावाच्या मानकात हवेचे वर्ग पाडले आहेत. सी २ हवेत उघडं जस्त पहिल्या वर्षी ०.१ ते ०.७ मायक्रॉन झिजतं, सी ३ मध्ये ०.७ ते २.१, सी ४ मध्ये २.१ ते ४.२, आणि सी ५ मध्ये ८.४ पर्यंत. आपला जिल्हा म्हणाल तर एकच हवामान सगळीकडे नाही. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि नगर शहरात वर्षाला सरासरी पाचशे-सहाशे. समुद्र सह्याद्रीपलीकडे, त्यामुळे हवेत मीठ नाही. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूरकडची हवा कोरडी. माझ्या अंदाजानं सी २ किंवा फार तर सी ३. (कारखान्यांच्या गळीत हंगामात उडणारी बगॅसची काजळी पत्र्यावर बसते आणि दव धरून ठेवते, तेवढं एक वजा करा.) गंज चढायला पाऊस किती पडला यापेक्षा पत्रा किती तास ओला राहिला हे महत्त्वाचं. जोराचा पाऊस उलट घाण धुऊन नेतो. या हिशेबानं अण्णांचा हलका पत्रासुद्धा आणखी बरीच वर्षं जायला हवा होता, आणि वरच्या बाजूनं तो जातही होता.

पण गोठ्याच्या आत नगरचं हवामान नसतंच. तिथे गोठ्याचं स्वतःचं हवामान असतं.

गोमूत्रात युरिया असतो आणि शेणात युरिएज नावाचं एन्झाइम. दोन्ही एकत्र आले की अमोनिया सुटतो. डोळे चुरचुरतात तो हाच. गायींचा श्वास, मूत्र आणि धुतलेली फरशी यांची वाफ वर जाते. आणि पत्रा? हिवाळ्यात निरभ्र आकाशाखाली तो रात्रभर उष्णता बाहेर टाकत राहतो आणि हवेपेक्षाही गार होतो. वाफ त्याच्या खालच्या अंगाला लागून पाणी बनते. लहानपणी पहाटे आईबरोबर धारा काढायला बसायचो तेव्हा पाऊस नसताना पाठीवर थेंब पडायचे, त्याचं मला नवल वाटायचं. ते थेंब म्हणजे अमोनिया विरघळलेलं पाणी होतं. तेव्हा जुना गोठा होता, कुडाचा आणि उघडा, वारा आरपार जायचा. नवा गोठा थंडी लागू नये म्हणून बाजूंनी बंद केला आणि आढंही बंद.

एरवी जस्तावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेटचा चिवट पापुद्रा तयार होतो आणि तो पुढची झीज मंदावतो. अमोनियाच्या पाण्यात हा पापुद्रा टिकत नाही, जस्त अमोनियाशी संयुग करून विरघळून जातं. खालच्या अंगाला पाऊस कधी धुवायला येत नाही, ऊन वाळवायला येत नाही. म्हणजे पत्र्याची जी बाजू सगळ्यात जास्त वेळ ओली, तिलाच सगळ्यात पातळ रंग. उघड्या जस्ताचा सी ४ चा दर लावला तर ५.७ मायक्रॉन तीन वर्षंसुद्धा पुरत नाहीत. रंगानं आणि नशिबानं पुढची काही वर्षं काढली, एवढंच.

त्यात आम्ही स्वतः भर घातली होती, तीही लिहिली पाहिजे. फॅब्रिकेटर वेळेवर आला नाही म्हणून पत्र्यांचा गठ्ठा पावसात दीड महिना अंगणात पडून होता. दोन पत्र्यांच्या मधे शिरलेलं पाणी वाळत नाही, आणि हवा न मिळालेल्या जस्ताला पांढरा गंज चढतो. मग पत्रे ग्राइंडरनं कापले. ग्राइंडर कडेचा रंग आणि जस्त जाळतो, शिवाय उडालेल्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण, ते शेजारच्या रंगात रुतून बसतात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके दिसू लागतात. कात्रीनं कापलं तर हे होत नाही, पण कात्रीला वेळ लागतो. आणि वीस फुटांचा पत्रा उन्हाळ्यात दुपारी सत्तरीला टेकतो, पहाटे पंचविशीला येतो, म्हणजे रोज तीनेक मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. स्क्रूची भोकं त्यानं सैल होतात, रबरी वॉशर चिरतं, आणि पाणी शिरायला वाट मिळते.

मग मी मोठ्या उत्साहानं कंपन्यांची माहितीपत्रकं वाचायला घेतली. प्रत्येकीत सॉल्ट स्प्रेचे तास. हजार तास म्हणजे एका बंद पेटीत ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा सलग बेचाळीस दिवस. ही चाचणी १९३९ पासून मानक म्हणून चालत आली आहे. दोन पत्र्यांतला कच्चा कुठला, दर्जा घसरला का, हे पाहायला ती बरी. पण हजार तास म्हणजे किती वर्षं, याचं उत्तर तिच्यात नाही, आणि नगरला मिठाच्या फवाऱ्याचा संबंध तरी काय? दुसरी चाचणी अतिनील दिव्यांची, आठ तास ६० अंशांवर दिवा आणि चार तास ५० अंशांवर दव. ती आपल्या सायकल स्टँडच्या जवळ जाते. गोमूत्राच्या वाफेची चाचणी मी पाहिलेल्या एकाही पत्रकात नव्हती. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत मात्र असते, की पावसानं न धुतली जाणारी बाजू, आणि जनावरांच्या बंदिस्त शेड, यांना वॉरंटी लागू नाही. दुकानदारानं तोंडानं दिलेल्या दहा वर्षांत हे वाक्य कुठे असणार?

मला वाटलं होतं की अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा पत्रा सुचवावा. ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियमचा हा मिश्रधातू १९७२ पासून बाजारात आहे आणि उघड्या हवेत साध्या जस्ताहून कितीतरी जास्त टिकतो. सरांनी थांबवलं. अ‍ॅल्युमिनियमला अल्कली चालत नाही आणि अमोनियाचं पाणी अल्कधर्मी. ओल्या सिमेंटच्या गिलाव्याला हा पत्रा टेकवू नये म्हणतात, तेही याच कारणानं. म्हणजे गोदामाला उत्तम, गोठ्याला नाही. पीव्हीडीएफचा मोह तर सोडलाच, वरच्या रंगावर पैसे घालून खालचं दुखणं बरं होत नाही.

संक्रांतीला घरी जाऊन हे सगळं अण्णांना कागदावर दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आता काय टाकायचं?" दोन मार्ग होते. एक, २७५ ग्रॅम जस्ताचा, खालूनही जाड रंग असलेला पत्रा मागवायचा. राहात्यात तो तयार मिळेना, आणि थोड्या पत्र्यांसाठी वेगळी ऑर्डर कोणी घेईना. दुसरा, गायींच्या डोक्यावर सिमेंटचा पत्रा. त्याला अमोनियानं गंज चढत नाही, पण वजन तिपटीहून जास्त, त्यामुळे खालचे पाईप वाढवावे लागतात, आणि गारपीट झाली की धास्ती. २०१४ ची गारपीट अण्णा विसरलेले नाहीत. शेवटी त्यांनी सिमेंटचाच घेतला, अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला, आणि आढ्यावर वीतभर फट ठेवून वर टोपी बसवली. जुन्या निळ्या पत्र्यांतले धड राहिलेले सहा वैरणीच्या बाजूला गेले. तिथे गायी नाहीत, वाफ नाही, ते टिकतील.

दुधाच्या खोलीवर मात्र कलर पत्राच टाकायचा होता. यावेळी मी बरोबर गेलो. अण्णांनी दुकानात रंग पाहायच्या आधी विचारलं, "जस्त किती ग्रॅमचं आहे?" दुकानदारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग कोणाला तरी फोन लावला. "असं कोणी विचारत नाही हो," म्हणाला. मी सांगितलं की चांगल्या कंपन्या पत्र्याच्या मागच्या बाजूला जाडी आणि कोटिंग छापतात. गड्यानं एक पत्रा उलटा करून उन्हात धरला. अण्णांनी खिशातला चष्मा काढला आणि राखाडी रंगावरची ती पुसट अक्षरं, आकड्यांसकट, मोठ्यानं वाचून दाखवली. १२० होतं. दुधाच्या खोलीला ते पुरेल असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि कात्रीनं कापून द्यायच्या बोलीवर पत्रे टेम्पोत चढवले.